पुरुषाचा थकवा आणि गळ्यातील ग्रंथी

आपल्यापैकी पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर शंभर गोळ्यांची एक लहानशी बाटली असते. सकाळी उठल्याबरोबर, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, गृहिणी तीतील एक गोळी पाण्याबरोबर घेते आणि मग दिवसाच्या कामाला लागते. थायरॉईडची ही गोळी आता इतकी परिचयाची झाली आहे की, 'थायरॉईड म्हणजे बायकांचे दुखणे' अशी समजूतच आपल्या समाजात रूढ झाली आहे. ही समजूत अगदीच निराधार आहे असे नव्हे. देशातील आठ शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीत गोवा आणि हैदराबाद येथील लोकांचाही समावेश होता. या पाहणीत थायरॉईडची मंदता स्त्रियांमध्ये सुमारे १६ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ५ टक्के आढळली. म्हणजे तीन स्त्रियांमागे एक पुरुष. प्रस्तुत लेख या एका पुरुषाविषयी आहे. कारण त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि अलीकडे त्याच्या थकव्यावर भलताच उपाय होण्याचा संभव वाढला आहे.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गृहस्थाला उत्साह वाटेनासा झाला, वजन वाढले, झोप येऊनही विश्रांती मिळेनाशी झाली, संसारसुखाची इच्छा मंदावली, की पूर्वी लोक 'वय झाले' असे म्हणून गप्प बसत. आता तसे राहिले नाही. रक्ततपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा एका शुल्कात पन्नास-साठ चाचण्या करून देतात आणि त्यांत 'टेस्टोस्टेरॉन' या पुरुषी संप्रेरकाचा आकडाही येतो. तो आकडा खाली असला की छापील अहवालात ठळक अक्षरांत उमटतो, आणि मग पुढची पायरी म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा अंगाला चोळावयाचे जेल. (आपल्या परंपरेने पुरुषार्थ चार सांगितले, भिंतींवरच्या जाहिरातींनी त्यांपैकी तीन रद्द करून टाकले आहेत. असो.) ज्यांना या संप्रेरकाची खरोखरच उणीव असते, त्यांना हा उपचार उपकारक ठरतो, यात शंका नाही. पण तो सुरू करण्यापूर्वी गळ्यातील ग्रंथीची विचारपूस व्हावयास हवी, आणि सुरू केल्यावरही तिला विसरता कामा नये. हे का, ते थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. मी वैद्य नव्हे. मराठीचा शिक्षक आहे. परंतु वैद्यकीच्या व्यवसायात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

थायरॉईडला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'अवटू ग्रंथी' म्हणतात आणि हॉर्मोनला 'संप्रेरक'. 'संप्रेरक' हा शब्द मला फार समर्पक वाटतो. स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून प्रचारात आणला, त्याचाही अर्थ चाळवणे, प्रेरित करणे असाच आहे. अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूस श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. शरीराची भट्टी किती प्रज्वलित ठेवावयाची, हे तिचे खाते. पुरुषाच्या वृषणांकडे टेस्टोस्टेरॉनचे खाते. दोहोंवर मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. अवटू कामात कुचराई करू लागली की पीयूषिका तिला लेखी सूचनांवर सूचना पाठवू लागते. या सूचना म्हणजेच टी.एस.एच. नावाचे संप्रेरक. म्हणून टी.एस.एच.चा आकडा वाढलेला दिसला की समजावे, कनिष्ठ कर्मचारी काम करीत नाही आणि वरून ताकिदी सुटत आहेत. एका मुख्याध्यापकाला ही उपमा सुचावी, यात नवल ते काय!

या दोन ग्रंथींचा वैद्यकातील इतिहास एकाच काळात आणि जवळजवळ एकाच कल्पनेतून सुरू झाला. पण त्यांचे भाग्य मात्र अगदी निराळे निघाले. १ जून १८८९ या दिवशी पॅरिसच्या एका विद्वत्सभेत ब्राऊन-सेकार नावाच्या ख्यातनाम शास्त्रज्ञाने एक विलक्षण निवेदन केले. त्याचे वय तेव्हा ७२ होते. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःच्याच शरीरात टोचून घेतला होता आणि त्यायोगे आपली शक्ती, स्मरण व उमेद परत आल्याचे तो सांगत होता. युरोप-अमेरिकेत या अर्काची लाट उसळली. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. अवटूच्या मंदतेने तिचा चेहरा सुजला होता, बोलणे जड झाले होते, हालचाल मंदावली होती. ती बरी होऊ लागली. पुढे तोच अर्क तिला तोंडाने देण्यात येऊ लागला, आणि ती १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या अवधीत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद आहे.

एक अर्क गुणकारी आणि दुसरा निष्फळ, असे का व्हावे? कारण मोठे मनोवेधक आहे. अवटू ग्रंथी आपल्या संप्रेरकाचा कित्येक आठवडे पुरेल एवढा साठा स्वतःजवळ बाळगते. वृषणे तसा साठा ठेवीत नाहीत, तयार होईल तसे ते रक्तात सोडून देतात. शिवाय टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा ब्राऊन-सेकारच्या पाणेरी अर्कात त्याचा अंशही नसल्यासारखाच होता. पुढे १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, तेव्हा १०० किलो बैलांच्या वृषणांतून त्यांच्या हाती अवघे १० मिलिग्रॅम पडले! म्हणजे त्या वृद्ध शास्त्रज्ञाला आलेली तरतरी ही अर्काची नव्हती. ती त्याच्या अपेक्षेची होती. थकव्यावरील कोणत्याही औषधाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच १९३५ साली बुटेनांट आणि रुझिच्का यांनी टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनविले, १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात ते दोघे सहभागी झाले, आणि आजचे उपचार शक्य झाले ते तेव्हापासून.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रक्तातून प्रवास करताना ही दोन्ही संप्रेरके बहुतांशी मोकळी फिरत नाहीत. यकृतात तयार होणाऱ्या काही प्रथिनांच्या गाड्यांत बसून जातात. थायरॉक्सिन किंवा टी-४ हे जे अवटूचे प्रमुख संप्रेरक, त्याचे दहा हजारांत दोन-तीनच भाग मोकळे असतात; टेस्टोस्टेरॉनचे शंभरात दोन-तीन. काम होते ते या मोकळ्यांकडून. जे प्रवासी गाडीतून उतरले तेच गावात कामाला लागणार. गाडीत बसलेल्यांची एकूण संख्या मोजून गावातील कामाचा अंदाज येत नाही. आणि मौज अशी की, या दोहोंपैकी प्रत्येक संप्रेरक दुसऱ्याच्या गाड्यांची संख्या बदलते. अवटूचे संप्रेरक कमी पडले की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे एस.एच.बी.जी. हे प्रथिन यकृत कमी बनवते. उलट टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले की थायरॉक्सिन वाहून नेणारे टी.बी.जी. हे प्रथिन घटते. एकाच्या अहवालातील आकडा दुसऱ्यामुळे हलतो, तो असा.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण माझ्या परिचयातलेच आहे. इंदूरमधील आमचे एक स्नेही नोकरीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच मलूल झाले. सकाळच्या फेरफटक्याला येणे त्यांनी सोडले. वाचनालयात येत, पण वर्तमानपत्र उघडे ठेवून डुलक्या घेत. कोणीतरी सुचविल्यावरून त्यांनी तपासण्यांचा तो मोठा संच करून घेतला. एकूण टेस्टोस्टेरॉन निघाले २१६. साधारणपणे ३०० च्या आत-बाहेर खालची मर्यादा धरतात. त्या संचात थायरॉईडची चाचणी नव्हती. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन असे ठरले आणि दोन देऊनही झाली. एकदा मी त्यांच्या घरी गेलो असता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांचा आवाज ऐकलात का? घोगरा झालाय नुसता. आणि चैत्रातसुद्धा पंखा बंद करा म्हणतात! मला थायरॉईड निघालं तेव्हा माझं अगदी अस्संच झालं होतं." ज्या रोगाची गोळी त्या स्वतः बारा वर्षे घेत होत्या, तो त्यांनी नवऱ्याच्या आवाजावरून ओळखला. टी.एस.एच. तपासले, ते ६२ निघाले. साधारण कमाल मर्यादा चार-पाचची असते. इंजेक्शने थांबविण्यात आली. वय आणि हृदय यांचा विचार करून डॉक्टरांनी थायरॉक्सिन अल्प मात्रेत सुरू केले व हळूहळू वाढविले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा टेस्टोस्टेरॉन आपले आपणच ३९० वर आले होते. अर्थात प्रत्येकाचे असेच होते असे नाही. काहींना दोन्ही ग्रंथींचे दुखणे स्वतंत्रपणे असू शकते. पण अवटूची मंदता दूर झाल्यावर पुरुषी संप्रेरक पुष्कळदा पूर्वपदावर येते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. म्हणून आधी कोणती तपासणी आणि मागून कोणती, या क्रमाला महत्त्व.

दोन्ही उणिवांची लक्षणे एकमेकींत इतकी मिसळलेली असतात की, नुसत्या थकव्यावरून भेद करणे कठीण. तरीही काही खुणा विशेषेकरून अवटूच्या मंदतेच्या आहेत: इतरांना न वाजणारी थंडी वाजणे, त्वचा कोरडी व खरखरीत होणे, बद्धकोष्ठ, नाडीची गती मंद होणे, आवाज घोगरा होणे, डोळ्यांभोवती सूज. याउलट सकाळची नैसर्गिक उत्तेजना नाहीशी होणे आणि दाढी-अंगावरचे केस विरळ होणे, ही टेस्टोस्टेरॉनच्या उणिवेकडे अधिक बोट दाखवितात. अवटू अति काम करू लागली, तर गाड्यांची संख्या वाढून एकूण टेस्टोस्टेरॉन चांगले भरघोस दिसते आणि मोकळे मात्र बेताचेच असते. अशा वेळी काही पुरुषांची छाती स्त्रीप्रमाणे वाढते. लाजेपायी ते कोणाला सांगत नाहीत.

थकवा जावा एवढ्यासाठीच जे टेस्टोस्टेरॉन घेऊ इच्छितात, त्यांनी एका अभ्यासाची माहिती करून घ्यावी. अमेरिकेत ६५ वर्षांवरील, संप्रेरक खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवर झालेल्या या चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लैंगिक इच्छा व क्षमता यांत माफक सुधारणा दिसली. मनःस्थिती किंचित सुधारली. पण थकवा कमी होण्याच्या कसोटीवर औषध आणि औषधासारखे दिसणारे निरौषधी जेल यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही पाहिले पाहिजे. टी.एस.एच. थोडेसे वाढलेले, परंतु टी-४ ठीक, अशा ६५ वर्षांवरील लोकांना थायरॉक्सिन देऊन पाहिले असता त्यांचाही थकवा कमी झाला नाही, असे २०१७ साली युरोपातील एका अभ्यासात दिसून आले. वयपरत्वे टी.एस.एच. थोडे चढतेच. तेव्हा ६२ हा आकडा आणि ६ हा आकडा यांना एकच मोजपट्टी लावून चालत नाही.

आता दुसरा प्रकार. योग्य निदान होऊन टेस्टोस्टेरॉनचा उपचार सुरू आहे, अशा गृहस्थाने थायरॉईड तपासले तर काय दिसेल? टी.बी.जी. घटल्यामुळे त्याचे एकूण टी-४ कमी दिसेल. मोकळे टी-४ आणि टी.एस.एच. मात्र ठीक असतील, आणि त्याची अवटूही निरोगी असेल. कित्येक प्रयोगशाळांच्या स्वस्त संचांत अजूनही एकूण टी-३ व एकूण टी-४ हेच मोजतात. त्यावरून घाबरून जाऊन गोळी सुरू करणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध घेणे होय. डॉक्टरांना टेस्टोस्टेरॉन चालू असल्याचे सांगावे आणि मोकळे टी-४ मोजून घ्यावे.

जो आधीपासूनच थायरॉक्सिनची गोळी घेत आहे, त्याचे प्रकरण याहून नाजूक. निरोगी ग्रंथी गाड्या कमी झाल्या की आपले उत्पादन आवरते घेते. गोळीला ते कळत नाही. १९९४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगासाठी पुरुषी संप्रेरकाच्या जातीचे औषध दिलेल्या काही स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्या आधीपासून थायरॉक्सिन घेत होत्या, त्यांना तीच मात्रा अतिरिक्त होऊ लागली व ती पाव ते निम्म्याने कमी करावी लागली. पुरुषांत हा परिणाम सहसा इतका तीव्र नसतो. तथापि नव्याने टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर, अथवा ते बंद केल्यावर, सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा पाहून घेणे शहाणपणाचे. त्याआधी पाहण्यात अर्थ नाही, कारण थायरॉक्सिन शरीरात सावकाश स्थिरावते.

ही काळजी केवळ आकड्यांसाठी नाही. थायरॉक्सिन अतिरिक्त झाले की वृद्धांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागण्याचा धोका वाढतो, आणि त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. टेस्टोस्टेरॉनविषयी २०२३ मध्ये जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे एकंदर प्रमाण औषधामुळे वाढले नाही, हा मोठाच दिलासा. पण ठोक्यांची ही अनियमितता मात्र औषध घेणाऱ्यांत काहीशी अधिक आढळली. दोन औषधे एकाच बाजूला झुकणारी असतील, तर छातीत धडधड, हातांना कंप, विनाकारण वजन घटणे यांकडे दुर्लक्ष करू नये.

आणखी एक प्रसंग क्वचित येतो, पण तो ओळखला नाही तर जिवावर बेततो. कधी कधी दोष अवटूचाही नसतो आणि वृषणांचाही नसतो. वर बसलेली पीयूषिकाच आजारी असते, बहुधा तिच्यात गाठ झालेली असते. मग सूचनाच सुटत नाहीत. टेस्टोस्टेरॉन कमी, मोकळे टी-४ कमी, आणि टी.एस.एच. मात्र 'नॉर्मल'! नुसते टी.एस.एच. तपासून 'थायरॉईड ठीक आहे' असे म्हणणाऱ्याला हा रोग निसटतो. सतत डोके दुखणे, दोन्ही बाजूंचे कडेचे दिसेनासे होणे, ही त्याची चिन्हे. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडावरील अभिवृक्क ग्रंथींनाही सूचना मिळत नसतील, तर त्यांचे कॉर्टिसोल हे संप्रेरकही उणे असते. ते न तपासता, न देता आधी थायरॉक्सिन सुरू केले तर रुग्ण एकाएकी कोसळू शकतो. म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळी खाली दिसले की अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडेच जावे, मग त्यासाठी गाव सोडून मोठ्या शहरी जावे लागले तरी चालेल.

तपासणीला जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते, म्हणून रक्त उपाशीपोटी, दहाच्या आत द्यावे. दुपारी चारला दिलेल्या रक्तावरून निदान करू नये. एका आकड्यावर विसंबू नये. निराळ्या दिवशी पुन्हा तपासावे. तापातून किंवा शस्त्रक्रियेतून उठल्यावर लगेच तपासू नये. आजारपणात दोन्ही संप्रेरकांचे आकडे तात्पुरते उतरतात. केस व नखे यांसाठी ज्या गोळ्या मिळतात, त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. ते पुष्कळ यंत्रांना फसविते आणि थायरॉईडचे खोटेच आधिक्य दाखविते. निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवावे. थायरॉक्सिनची गोळी त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी.

टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, असा कायदा आहे, आणि तो उगाच केलेला नाही. या औषधाने रक्त दाट होऊ शकते. हिमॅटोक्रिट नावाची चाचणी आधी, मग तीन ते सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी करावी लागते. ती ५४ टक्क्यांवर गेली तर औषध थांबवितात. प्रॉस्टेटचीही तपासणी ठेवावी लागते. ज्या तरुणांना अद्याप मूल हवे आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की पीयूषिका सूचना थांबविते, आणि वृषणांत शुक्रजंतू तयार होणे बंद पडते. औषध सोडल्यावर ते परत येण्यास कित्येक महिने लागतात. व्यायामशाळांत कोणाच्या सांगण्यावरून ही इंजेक्शने घेणाऱ्या मुलांना लग्नानंतर हे कळते.

जेल वापरणाऱ्यांना शेवटची एक सूचना, आणि ती आपल्या एकत्र कुटुंबांना विशेष लागू आहे. जेल खांद्यांना व दंडांना चोळतात; ते वाळल्यावरही त्वचेवर राहते आणि स्पर्शाने दुसऱ्याच्या अंगात जाते. अशा स्पर्शाने लहान मुलांमध्ये अकाली तारुण्याची चिन्हे दिसल्यावरून अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ साली वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला. तेव्हा जेल लावल्यावर हात साबणाने धुवावेत, वर सदरा घालावा, आणि नातवंडाला उचलून घेण्यापूर्वी ती जागा धुऊन टाकावी. घरातील गरोदर सुनेने किंवा लेकीने अशा कपड्यांना हात न लावलेला बरा.